पुटाप्पा मास्तरांच्या चिठ्ठ्या

पुटाप्पा मास्तर जेवण झालं की डब्यात मुद्दाम पाच-सहा शितं मागे ठेवायचे. मग कोटाच्या खिशातून कागदाची एक चिठ्ठी निघायची. उष्टं शीत बोटानं तिच्या पाठीवर चिरडायचं, चिठ्ठी वहीत दाबायची आणि तेच बोट धोतराला पुसायचं. शी! इतक्या वर्षांनी हे लिहितानासुद्धा माझं नाक वर जातंय. शाळेत चिकटवायला खळीची वाटी होती, शिपाई रोज ताजी खळ करायचा. पण मास्तरांचं म्हणणं एकच, "शितासारकं काय धरत न्हाय, पंत. खळ उन्हाळ्यात सुटतीय."

आम्ही दोघं कोल्हापुरात एकाच शाळेत शिकवत होतो. ते इंग्रजी, मी सुलेखन. महाराजांनी खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी शाळा आणि बोर्डिंगं उघडण्याचा सपाटा लावला होता, तेव्हाची ही गोष्ट. मास्तर मूळचे मलकापूरकडचे, कुणब्याच्या घरातले. आईबाप गेलेले, लग्न केलेलं नाही. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. 'पुट अप' हे एकच इंग्रजी क्रियापद त्यांनी असं काही उराशी धरलं होतं, की पोरांनी त्याला आप्पा जोडून टाकला. दक्षिणेकडच्या पोरांना तर ते कानडी नावच वाटायचं. मास्तरांना राग यायचा नाही. हाक मारली की ओ द्यायचे.

त्या क्रियापदाचा नाद त्यांना छावणीतल्या रद्दीतून लागला. पलटणीतले गोरे लोक बदली झाली की पुस्तकं टाकून जात, ती हा गृहस्थ पोत्यानं उचलून आणायचा. कसर लागलेली, बुरशीनं हिरवी पडलेली पुस्तकं! एक उघडलं की खोलीभर कुबट वास. त्यांतून त्यांनी शोधून काढलं, की जुन्या काळचे इंग्रज तलवार म्यानात घालायचे ते पुट अप, झुडपातून ससा उठवायचे तेही पुट अप, सराईत मुक्कामाला उतरायचे, फळं मुरवून ठेवायचे, देवाकडे मागणं मागायचे, सगळं पुट अप. "एकच बैल हाय, पंत," ते म्हणायचे, "पन दर पिढीनं त्येला नव्या गाडीला जुपलाय."

इथवर मला काही म्हणायचं नाही. विद्वान लोक याहून खुळे उद्योग करतात. पण मास्तरांची कामाची एक रीत होती, आणि त्या रीतीनं माझी नऊ वर्षं नासवली. कोशातला मराठी शब्द ते चिठ्ठीवर उतरवून घ्यायचेच नाहीत. ज्याचं ते काम, त्याच्याकडे जायचं, ते काम डोळ्यांनी बघायचं, तो माणूस त्याला काय म्हणतो ते ऐकायचं आणि मग चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या. शब्द, तो कुणाकडून मिळाला, आणि कसा पाहिला. त्या माणसाचं नाव गावासकट, ठळक.

तलवारीसाठी ते हुसेनभाई शिकलगाराच्या दुकानात चार दिवस बसले. 'म्यान करणे' एवढं मीही सांगितलं असतं. मास्तर तेल आणि गंजाच्या चिखलानं कोपरापर्यंत माखून शाळेत आले आणि मला म्हणाले, "पुसल्याबगर आत घालायची न्हाय म्हंत्यात हुसेनभाई. रगात नि घाम तसाच आत गेला, तर पातं आतल्या आत कुजतंय." मी त्यांना पाणी दाखवलं. त्यांनी त्याच हातांनी तपकिरीची डबी उघडली.

सशासाठी राधानगरीकडच्या रानात गेले, शिकारीच्या हाक्यात झुडपं बडवणाऱ्या गणू धनगराबरोबर. परत आले ते थेट माझ्या घराच्या सोप्यावर, पुढच्या ओसरीत, बसले आणि पायांच्या जळवा काढायला लागले. एकेक जळू, रक्त पिऊन टम्म झालेली, माझ्या शेणानं सारवलेल्या स्वच्छ सोप्यावर! मी पाय वर उचलून घेतले. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, आतून मिठाची वाटी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ओढू नका भाऊजी, मीठ टाका, आपोआप सुटतील." मास्तर खूष. मुक्कामाला उतरण्याच्या अर्थासाठी स्वतःचं घर अर्ध्या मैलावर असताना तीन दिवस धर्मशाळेत राहिले आणि शाळेत ढेकूण घेऊन आले. माझ्या खुर्चीच्या वेतात ते पावसाळाभर नांदत होते.

माझं नाक जरा तिखट आहे, हे मी कबूल करतो. ताटाला पाण्याचा डाग दिसला की मी ताट सारतो. भातात खडा निघाला की माझं जेवण आटोपलं. घरात दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडून 'शी' निघतं, हे मला कुणी सांगायला नको. पण स्वच्छतेची चाड असणं हा काही गुन्हा नव्हे. मास्तर रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर आमच्याकडे चहाला यायचे, नाक शिंकरायचे, सोप्यावर तपकीर सांडायचे, तरी मी त्यांना कधी या घरात येऊ नका म्हटलं नाही. एवढं मी सोसलं, असं मी चार लोकांत अभिमानानं सांगत असे.

एकदा मात्र माझा तोल गेला. फळं मुरवण्याच्या अर्थासाठी त्यांना लोणचं घालताना बघायचं होतं. आमच्याकडे कैऱ्या फोडल्या होत्या. मास्तर माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि बघता बघता त्यांनी भरलेल्या बरणीत बोट घातलं. ओलं बोट! तपकिरीचं बोट! मी ओरडलो, "अहो, वर्षाचं लोणचं ते!" मंडळींनी शांतपणे वरचा थर वाटीत काढला, ती वाटी त्यांच्या हातात दिली आणि बरणीचं तोंड बांधलं. मास्तर चाटत म्हणाले, "वहिनी, ह्येला तुमी घालनं म्हंतासा न्हवं? तुमचं नाव सांगा, चिठ्ठीवर लिवतो."

"खबरदार!" मी म्हणालो. "माझ्या बायकोचं नाव छापील पुस्तकात, शिकलगार आणि धनगरांच्या रांगेत? शी! तिचं नाव कुठेही घालायचं नाही."

मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. ती कैऱ्यांच्या कोयी गोळा करत होती. "बरं. ऱ्हायलं," ते म्हणाले.

सगळे अर्थ झाले, एक अडून बसला. सोसण्याचा. पूर्वी इंग्रज अपमान झाला की तो नुसताच पुट अप करायचे, तलवारीसारखा आत घालायचे. पुष्कळ वर्षांनी त्याला मागून 'विथ' चिकटला. मी म्हटलं, "अहो, सोसणे, सहन करणे. लिहा आणि मोकळे व्हा." ते मान हलवायचे. "त्यो पुस्तकातला शबुद झाला. ज्येचं त्ये रोजचं काम हाय, त्यो मानूस काय म्हंतोय?" तो माणूस मिळाला का, असं मी अधूनमधून विचारायचो. ते तपकीर ओढायचे आणि दुसरंच काहीतरी बोलायचे.

त्या सुमाराला पुण्याकडून एक गोरे साहेब शाळा तपासायला आले. हेडमास्तरांनी मास्तरांच्या वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. साहेबांनी दोन बोटांत धरून पानं उलटली, पण वाचता वाचता खुर्चीत सरळ होऊन बसले. काम अस्सल आहे, म्हणाले. छापून घ्यायची खटपट आपण करू, फक्त सुवाच्य नक्कल हवी आणि ही शिकारी, शिकलगार मंडळींची नावं गाळायला हवीत. विद्वानांच्या ग्रंथात अशी माणसं शोभत नाहीत.

मास्तर उभेच होते. म्हणाले, "नावं काडली तर ह्यो माल चोरीचा हुतोय, सायेब." इंग्रजी मास्तरानं ते मराठीत सांगितलं, ते भाषांतर करायला मला पुढे व्हावं लागलं. मी जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. साहेबांनी वह्या सरकवल्या, पाणी मागवलं आणि आमच्यासमोर साबण लावून हात धुतले. मला त्या माणसाची अशी किळस आली म्हणून सांगू! मग आठवलं, की मास्तरांनी चिठ्ठी हातात दिली की मीही नऊ वर्षं हेच करत आलोय, त्यांच्यादेखत.

तरीही वाटेत मी मास्तरांवर तोंडसुख घेतलं. "आयुष्यभराचं काम चार नावांपायी कुजवता! घ्या की मुकाट्यानं."

"चार न्हाईत," ते म्हणाले. "एकोनसाठ हायत."

मोठ्या लढाईच्या शेवटी इन्फ्लुएन्झाची साथ आली. मास्तर तिसऱ्या दिवशीच बसेनासे झाले. त्यांच्या खोलीत मी नाकाला रुमाल लावून दारात उभा राहायचो. आत जायची ती आमची मंडळी. पेज पाजायची, थुंकी पुसायची, चादर बदलायची. शेवटच्या दिवशी त्यांनी मला खुणेनं बोलावलं. दोन पावलं आत गेलो. "अक्षर तुमचं चांगलं हाय, पंत," ते म्हणाले. "नक्कल तुमी करा. नावं तेवडी गाळू नका."

मी हो म्हणालो. ते त्याच दुपारी गेले.

आणि मी नावं गाळायला बसलो. मनाची समजूत घातली, की मेल्या माणसाला हट्ट कशाचा? ग्रंथ छापला जाईल, त्यांचं स्वतःचं नाव राहील, तेवढं पुरे. मंडळींना सांगितलं तर ती नुसतं "हुं" म्हणाली. महिनाभर मी झोकदार वळणात नक्कल केली. अर्थ लिहायचा, नाव सोडायचं. हुसेनभाई गेले, गणू धनगर गेला, धर्मशाळेचा झाडूवाला गेला. दर चिठ्ठीनंतर हात धूत होतो.

वहीत हुसेनभाईंच्या चिठ्ठीखाली आणखी एक चिठ्ठी शितानं चिकटलेली होती. ती सगळ्यांत शेवटी ध्यानात आली. नखानं सोडवावी लागली. शीत खरंच धरतं. वर इंग्रजीत 'पुट अप विथ' होतं. खाली मास्तरांचं गिचमिड मराठी.

"शबुद : निभावनं.

कुनाकडनं : (जागा मोकळी. नाव घालाया पंतांनी मनाई केल्याली हाय.)

कसा पायला : नऊ वर्सं, रोज सांजच्याला, सोप्यावरनं. पंतांनी ताट सारलं तर दुसरं वाडत्यात. पंत शी म्हनले की हातातलं काम न थांबवता हुं म्हंत्यात. एकदा इचारलं, वहिनी, कसं सोसतासा? म्हनल्या, सोसत नाही भाऊजी, निभावून नेते. माणूस वाईट नाहीत. नाकच तेवढं मोठं आहे."

मी ती चिठ्ठी चार वेळा वाचली. नऊ वर्षं मी समजत होतो, की या घरात सोसणारा मी आहे. अंगाला अशी शिसारी आली, की आजवर कुठल्या जळवेची, कुठल्या ढेकणाची आली नव्हती. हात धुवायला उठलो आणि पुन्हा खाली बसलो, कारण ती घाण हाताला नव्हती.

मंडळी चहा घेऊन आली. मी विचारलं, "तू मास्तरांना माझ्याबद्दल काही म्हणाली होतीस?"

ती जरा घाबरली. मग चिठ्ठी ओळखून तिनं पदर तोंडाला लावला. "भाऊजींनी लिहून ठेवलं होय ते! अगं बाई!" हसता हसता तिचे डोळे भरले. "त्यांच्याशिवाय कुणी विचारलंच नव्हतं हो मला."

साहेबांसाठी केलेली नक्कल मी त्याच दिवशी बंबात घातली. मग पहिल्या चिठ्ठीपासून पुन्हा सुरुवात केली. हुसेनभाई शिकलगार, राहणार कोल्हापूर. गणू धनगर, राहणार राधानगरीकडे. एकोणसाठ नावं, ठळक. ती वही कुणी छापली नाही, अजून माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर 'निभावनं'ची चिठ्ठी उतरवली, तिच्यात मास्तरांनी नावासाठी मोकळी सोडलेली जागा होती. तिथं मी बोरू नीट तासून घेतला आणि आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं अक्षर काढून लिहिलं : सरस्वती.