माझ्या बांधीतली टेकडी

माझा लहान भाऊ टिकेश नागपुरात कॉम्प्युटरवर नकाशे काढतो. डोकं तेज, पण चूक स्वतःची म्हणून कधी सांगायचा नाही. लहानपणी सायकल झाडावर घातली तेव्हाही दोष झाडाचाच.

आमचं गाव सडक अर्जुनीजवळ. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्याचा नवा पाट कुठून न्यायचा, ते पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरणार होतं. माझ्या बांधीकडे, म्हणजे भाताच्या खाचराकडे, आला नाही, तर माझा धान पुन्हा आभाळाच्या भरवशावर. सरपंच शालीकराम म्हणाले, उतार दाखवा. म्हणून रोवणी उरकल्यावर टिकेश आला, शेतोशेत उंची मोजली, आणि सारख्या उंचीच्या रेषा लॅपटॉपवर काढल्या. ह्या शहाण्यानं नकाशा आधी सरपंचाला दाखवला, मग मला.

नकाशात माझी बांधी बोडीच्या तोंडापेक्षा उंच, सभोवती गोल गोल रेषा, म्हणजे टेकडीच. पाणी काय शिडी लावून चढणार होतं?

"लायब्ररीत बग आहे," टिकेश म्हणाला. लायब्ररी म्हणजे रेषा काढून देणारा तयार प्रोग्राम, आणि बग म्हणजे त्यातली चूक. त्यानं रंग बदलले, लायब्ररी काढून पुन्हा टाकली. नकाशाचं आडवं-उभं उलटवलं, तर बोडी देवळावर जाऊन बसली. टेकडी काही हलेना. चहा करून करून मी वैतागले. शेवटी त्यानं साध्या उताराचे खोटे आकडे घातले, तर रेषा बरोबर आल्या.

"मंग तुहेच आकडे चुकले. कुठं उभा राहून मोजलं, दाखव मले."

शेतावर गेलो तर हा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढून उभा. रोवलेल्या धानात पाय घालायचा नाही, हे आमच्याकडे चालायला लागल्यापासून शिकवतात. नागपुरात राहून हा तेवढं विसरला नव्हता. सगळ्यांचं माप धुऱ्यावरचं; बाकीच्यांचे धुरे वीतभर, आणि माझा मांडीएवढा.

"ताई, तुहा धुरा एवढा उंच काऊन?"

"पाणी येत नाही म्हणून. पडलं तेवढं तरी राहावं, तर दरसाल माती टाकून राहिली."

त्यानं पँट वर केली, तरी काठावरच घुटमळत होता.

"उतर. मेला थोडा धान तर मेला."

मग गावभर चिखलात उतरून त्यानं पुन्हा मोजलं, शिव्याही खाल्ल्या. नव्या नकाशात माझी बांधी बोडीच्या खाली आली.

ग्रामसभेत शालीकरामनी विचारलं, "पहिल्या नकाशातली टेकडी कुठं गेली?"

"लायब्ररीत बग होता," टिकेश शांतपणे म्हणाला.

खरं काय ते माझ्या ओठांवर आलंच होतं. पण माझ्या बांधीकडच्या पाटासाठी हात वर होत होते. मीही हात वर केला.