पाटावर आलेला साहेब

विनूदादा गेला हे वहिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी पडवीत गुलाबाच्या जुड्या बांधत बसले होते. "शकूताई, हे गेले..." एवढंच ती बोलली आणि मी विचारलं, "कुठे?" कारण माझा भाऊ सतत कुठे ना कुठे गेलेलाच असायचा. तालमीला गेला, कोणाला तरी गाडीत बसवून द्यायला गेला, कोणाचं काम अडलंय म्हणून तिकडे गेला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं, तेव्हा मला कळलं. सकाळी फिरायला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच कलंडला, असं वहिनीनं नंतर सांगितलं. निवृत्त होऊन धड वर्षही झालं नव्हतं. या गोष्टीला आता काही आठवडे लोटले, पण माझं कशात मन लागत नाही. जुडी बांधायला घेते, अर्धी ठेवून उठते. दारापर्यंत जाते, कशाला आले ते आठवत नाही. म्हणून म्हटलं, एकदा लिहून काढावं.

दादा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होता. मीटर, गेज, काटे सांभाळायचे आणि कुठला काटा हलला की धावायचं, असं काम. त्याच्या स्वभावाला ते बरं जमलं. पण त्याचा जीव खरा रमायचा नाटकात. नव्वदच्या दशकात कॉलनीतल्या मंडळींनी हौशी संस्था काढली होती, राज्य नाट्यस्पर्धेत दरवर्षी उतरायची. दादा उंच, आवाज भारदस्त, त्यामुळे त्याच्या वाट्याला कायम साहेब. कधी पोलीस इन्स्पेक्टर, कधी कलेक्टर, कधी न्यायाधीश. दोन अंक वाट बघायची, तिसऱ्यात येऊन चार वाक्यं बोलायची आणि गुन्हेगाराला घेऊन जायचं. त्याला नायकाचं काम कधी मिळालं नाही, आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नव्हतं. "शकू, साहेब आला की प्रेक्षकांना बरं वाटतं बघ," तो म्हणायचा. "त्यांना वाटतं, आता तरी काही होईल."

मला दिलं शहराच्या दुसऱ्या टोकाला, मळेवाल्यांच्या घरात. सासरचा गुलाब आणि झेंडू, थोडा भाजीपाला. पुढे भारनियमनाची वर्षं आली. आमच्याकडे संध्याकाळी हमखास अंधार, आणि जिथे वीज तयार होते त्या कॉलनीत मात्र दिवे कधी जायचे नाहीत. म्हणून रविवारी आम्ही नवरा-बायको मोटारसायकल काढून दादाकडे जायचो. निमित्त भावाला भेटायचं, पण खरं कारण एक हिंदी मालिका. चार ठग असतात, तीन पुरुष आणि एक बाई. गरिबाला हात लावायचा नाही, फसवायचं ते फक्त लाचखोराला, भेसळवाल्याला, दुसऱ्याच्या जिवावर गब्बर झालेल्याला, असा त्यांचा नेम. एका भागात त्यांनी खोटं औषध विकणाऱ्या कारखानदाराला असं अडकवलं, की भर सभेत त्याला स्वतःचंच औषध प्यायची वेळ आली. आमचे हे मांडीवर थाप मारून हसायचे. वहिनी भजी तळता तळता दारात येऊन उभी राहायची. दादा मात्र एका जागी बसून ती मालिका कधी बघू शकला नाही. सोफ्याच्या मागे येरझाऱ्या घालायचा आणि त्या ठगांना सूचना द्यायचा. "अरे, एवढं बोलू नकोस. जास्त बोलला की पकडला जाशील. तू नुसता उभा राहा, समोरचाच घाबरून सगळं ओकेल." वहिनी म्हणायची, "अहो, बसा की जरा." तो बसायचा आणि जाहिरात लागली की पुन्हा उठायचा.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचे हाल होते. पाटाचं पाणी पाळीपाळीनं मिळायचं आणि वाटप गावातल्या सोसायटीकडे होतं. सोसायटीचा चेअरमन वरच्या अंगाला राहायचा, त्याची मोठी द्राक्षबाग होती. छाटणी झाली की खालच्या लोकांच्या पाळीचं पाणी सरळ त्याच्या बागेत वळायचं. आमचे हे दोनदा त्याच्याकडे जाऊन आले. त्यानं चहा पाजला, "बघतो," म्हणाला. गुलाबाची पानं खालून पिवळी पडत वर चढत होती. अशाच एका रविवारी मालिकेचा भाग संपल्यावर आमचे हे सहज बोलून गेले, "दादा, आमच्या चेअरमनला पण यातलं कोणीतरी भेटायला पाहिजे." आम्ही सगळे हसलो. दादा हसला नाही. येरझाऱ्या घालता घालता थांबला आणि विचारलं, "पाळी नसताना पाणी सोडतो कोण, प्रत्यक्ष हातानं?" हे म्हणाले, "पाटकरी. सखाहरी म्हणून आहे. सोसायटीचा माणूस, पाट त्याच्याच ताब्यात."

पुढच्या आठवड्यात मी गुलाब छाटत होते. पाटाच्या कडेनं एक पांढरी अँबॅसेडर आली. आतून सफारी घातलेला, काळा चष्मा लावलेला दादा उतरला आणि माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. बरोबर नाटकातले दोन मित्र. एकाच्या गळ्यात कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात मोजायची टेप. दादा कोणाशी काही बोलला नाही. पाटाचं पाणी द्राक्षबागेकडे सोडणाऱ्या लोखंडी दारापाशी जाऊन उभा राहिला, पाण्याकडे बघत. कॅमेऱ्यावाल्यानं फोटो काढले, टेपवाल्यानं दाराची रुंदी मोजली. तेवढ्यात सखाहरी धावत आला. किडकिडीत, चाळिशीचा माणूस, टोपी सरळ करत.

"हे दार कोणी उघडलं?" दादानं विचारलं.

"म्याच उघडलं, साहेब."

"आज पाळी कोणाची आहे?"

"खालच्या लोकांची हे."

"मग?"

सखाहरीनं द्राक्षबागेकडे एकदा पाहिलं. आता हा काय सांगतो म्हणून मी कान देऊन ऐकत होते. तो म्हणाला, "चेअरमननी सांगितलं म्हणून सोडलं, साहेब. खोटं कशाला बोलू? लय वेळा सांगितलंय त्यांनी."

दादा नुसतं "बरं" म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की मुंबईहून पथक आलं होतं. दुसऱ्या दिवशी दार बंद, आणि त्या आठवड्यात आमच्या मळ्यात पाणी आलं. पुढच्या पाळीलाही आलं. आमच्या ह्यांनी पेढे घेतले आणि आम्ही एकलहऱ्याला गेलो. त्या रविवारी दादा इतका खुशीत होता, की मालिका लागली तरी कोणी तिकडे बघेना. तो सगळा प्रसंग करून दाखवत होता. "मी कोण ते मी सांगितलंच नाही. एक शब्द खोटा बोललो नाही." वहिनीनं मात्र पेढा तसाच हातात धरला होता. म्हणाली, "उद्या कोणी विचारलं तर?" तो म्हणाला, "कोण विचारणार आहे?"

विचारलं कोणीच नाही. चेअरमननं स्वतःपुरती वाट काढली. पाटकऱ्यानं परस्पर दार उघडलं, सोसायटीचा त्यात काही संबंध नाही, असं ठरवून सखाहरीला कामावरून काढलं. पाटाच्या कडेला सोसायटीनं दिलेली खोलीही सोडायला लावली. ही बातमी मीच दादाला फोनवर सांगितली. सखाहरी आता कुठे राहतो, ते त्यानं आधी विचारून घेतलं. मग म्हणाला, "शकू, त्यानं मला खरं सांगितलं होतं गं..." मी म्हटलं, "हो." "मी खोटा होतो आणि त्यानं मला खरं सांगितलं." तेच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून तो थेट आमच्याकडे आला आणि मला बरोबर घेऊन सखाहरीच्या भावाच्या घरी गेला. सखाहरी तिथे ओसरीवर राहत होता. दादाला बघताच उठून उभा राहिला. दादानं त्याला बसवलं, समोर बसला आणि सगळं सांगितलं. मी साहेब नाही, वीज केंद्रात नोकरी करतो, नाटकात काम करतो, ही माझी बहीण. सखाहरीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमास्नी गुपित ठेवावं लागतं, मला कळतं. मी कोनाला नाय सांगनार. फक्त वर जरा माझं सांगा." दादानं पुन्हा सांगितलं. खिशातून स्वतःचा गेट पास काढून दाखवला. सखाहरी त्याच्या पाया पडायला वाकला... परत येताना दादा माझ्यापुढे इतक्या भरभर चालत होता, की मला धावावं लागलं. बांधावर तो एकदम थांबला. "मी गुन्हा मान्य करतोय आणि तो मला सोडून देतोय," म्हणाला. "आता काय करू, सांग."

पण माझ्या उत्तराची त्याला गरज नव्हती. त्याच आठवड्यात तो पाटबंधारे खात्याच्या कचेरीत गेला आणि तिथल्या खऱ्या साहेबांपुढे उभा राहिला. वहिनी रडली, नोकरी जाईल म्हणाली. आमचे हे त्याच्या सोबत होते, म्हणून तिथे काय झालं ते मला कळलं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही कोण म्हणून आला होता?" दादा म्हणाला, "मी कोणी म्हणून आलो नव्हतो, साहेब. तीच तर माझी लबाडी होती. लोकांना जे वाटलं ते मी वाटू दिलं." साहेब थोडे हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "याची नोंद केली तर तुमच्यावर शेकेल." दादा म्हणाला, "शेकू द्या. पण त्यानं मला जे सांगितलं होतं, तेही त्यात येऊ द्या."

चौकशी लांबत गेली. दादा रजा टाकून यायचा, सुनावणी पुढे ढकलली जायची आणि तो परत जायचा. चेअरमनच्या विरुद्ध बोलायला गाव तयार नव्हतं. ज्यांच्या मळ्यात त्या उन्हाळ्यात पाणी आलं होतं, तेही "आम्हाला काय माहीत" म्हणाले. आमच्या ह्यांनी साक्ष दिली, त्यावरून आमच्याकडे दोन घरांचं येणं-जाणं तुटलं ते आजतागायत. दादाला नोकरीत लेखी समज मिळाली. त्याची बढती कशामुळे लांबली ते कोणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. अखेर सखाहरीला परत कामावर घेतलं, पण पाटाच्या दुसऱ्या फाट्यावर. चेअरमनचं काही झालं नाही. पुढच्या निवडणुकीत तो बिनविरोध आला.

मधल्या काळात ती मालिका संपली. शेवटचा भाग दादानं पाहिला नाही. मी सांगायला लागले, की ठगांनी शेवटी एका मंत्र्यालाच गजाआड टाकलं. तो अंगणात कुंड्या इकडच्या तिकडे हलवत होता. म्हणाला, "त्या औषधवाल्याच्या कारखान्यात कामगार होते ना गं? कारखाना बंद झाल्यावर त्यांचं काय झालं, दाखवलं का कधी?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "तेच." त्यानंतर स्पर्धेच्या नाटकात त्यानं साहेबाचं काम घेतलं नाही. पडद्यामागे राहून प्रकाशयोजना बघायचा.

मला अजून उमजत नाही. ती पाळी मिळाली म्हणून आमचा गुलाब त्या उन्हाळ्यात जगला, हे खरं आहे. ते पाणी आमच्या हक्काचं होतं, हेही खरं. हे मी दादाला एकदा बोलून दाखवलं होतं, त्याला बरं वाटावं म्हणून. तो "हो गं," म्हणाला आणि चप्पल शोधायला लागला.

दहाव्याला रामकुंडावर गर्दी होती. नाटकवाले होते, कॉलनीतले होते. विधी आटोपत आले तेव्हा माणसांच्या मागे सखाहरी उभा असलेला मला दिसला. आता पाठीत वाकलाय. दोन एसट्या बदलून आला होता. मी त्याला बाजूला घेऊन गेले, चहा दिला. तो म्हणाला, "आमचे साहेब गेले, ताई." इतकी वर्षं झाली तरी साहेबच. मला राहवलं नाही. म्हटलं, "सखाहरीभाऊ, दादा साहेब नव्हता. त्यानं तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. तवा नाय पटलं," तो म्हणाला. "मंग कचेरीत रजा टाकटाकून यायला लागले, भायेर बाकड्यावर माझ्याशेजारी बसायचे, तवा पटलं. खरा साहेब परत कशाला येईल, ताई?"

चहाचा कप त्यानं नळावर नेऊन विसळला आणि पालथा ठेवला. संध्याकाळी फाट्यावर पाणी सोडायचं आहे, खालच्या लोकांची पाळी आहे, असं म्हणाला आणि एसटी गाठायला निघून गेला.