अर्जुनराव मास्तरांचा मुक्काम

वरवट बकालच्या शाळेत अर्जुनराव मास्तर फळ्यापुढे उभे राहून लोणारच्या देवळांबद्दल बोलू लागले, की एखादा कसलेला नट रंगमंचावर यावा तसं व्हायचं. हात कमानीसारखे वर जायचे, आवाज गाभाऱ्यात शिरल्यासारखा खाली यायचा. ते खांब, त्या खांबांवरच्या मूर्ती, सरोवराकाठची झाडांनी गिळलेली राऊळं! पोरांना वाटायचं, मास्तर परवाच तिकडून आले. खरं म्हणजे मास्तरांनी लोणार पाहिलंच नव्हतं. वरवट घाटाखाली, लोणार घाटावर. जिल्हा एकच, बुलढाणा, पण मधे सगळा घाट आडवा.

पेन्शन झाल्यावर त्यांनी जायचं ठरवलं, आणि घरात एकाच प्रश्नावरून धुसफूस सुरू झाली. मुक्काम कुठे करायचा?

मेहकर मोठं गाव. तिथून लोणारही होतं, सिंदखेडही होतं, खुद्द मेहकरातही जुने दगड होतेच. पाहणारा शहाणा माणूस मेहकरलाच बिछाना टाकेल. शिवाय मेहकरात त्यांची एकुलती लेक कोकिळा दिली होती.

"मेहकर सोडून सुलतानपूर काऊन?" त्यांची बायको सत्यभामाबाई चुलीपासून म्हणाली. "तठी कोन हाय आपलं?"

"शेषराव मास्तर हायेत. दिवाळीत शाळा बंद. एक खोली देतो म्हनले. लोणार तठून हाकेवर हाय."

"मले नोका सांगू हाकेवर. पोरगी वाटेत हाय अन् तुमी पुढं निंगून चालले."

 कारण ठाऊक दोघांनाही होतं. लेकीची कूस उजवेपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा त्यांच्या घराण्याचा नेम होता. कोकिळेच्या लग्नाला वर्षं लोटली, पाळणा हलला नव्हता. मास्तर तिच्या घरी जायचे ते उभ्याउभ्या, परतीच्या मोटारीपुरते. तांब्या पुढे आला, की हात जोडायचे. दर वेळी त्या जोडलेल्या हातांकडे बघून कोकिळा मान खाली घालायची. चार माणसांत आपल्या पोरीची रिकामी ओटी आपणच दवंडी पिटून सांगतो, असं मास्तरांना वाटायचं. आणि नेम मोडावा, तर त्याहून मोठी धास्ती होती. आपण तो घोट घेतला, तर तिच्या नशिबाचं दार आपल्याच हाताने लागायचं. हे त्यांना खरोखर वाटे. म्हणून सुलतानपूर. न जाणं हाच त्यातल्या त्यात कमी दुखवणारा मार्ग, असा हिशेब त्यांनी मनाशी घातला होता.

खामगावच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर निजाम मोठा बोलका. जागा त्याच्याकडे आधीच सांगून ठेवल्या होत्या. जानेफळ मागे पडल्यावर त्याने मान वळवली.

"मास्तर, जवाई मेहकरात अन् तुमी सुलतानपूरले? काही भांडन-गिंडन?"

"भांडन कायचं? देवळं पाहाले जाऊन राह्यलो."

"हाव, तं ठीक हाय. मी तं बजारात सांगून टाकलं का मास्तर येऊन राह्यले, पन उतरनार नाहीत. लोक इचारत होते, काऊन म्हून."

 सत्यभामाबाईने मास्तरांकडे पाहिलं. 

मेहकरच्या अड्ड्यावर मोटार थांबली. इंजिनात पाणी घालून ती पुढे सुलतानपूरला जायची होती. धूळ बसली तेव्हा समोर रुखमाबाई उभी दिसली. कोकिळेची सासू. धिप्पाड बाई, कपाळावर मोठं गोंदण, आणि आवाज असा की कापसाच्या बाजारात शेवटच्या गाडीपर्यंत पोचावा.

"राम राम, इवाई! मेहकर ओस पडलं का हो? का आमच्या ओसरीले काटे हायेत?"

चार माणसं वळून बघू लागली. मास्तर खाली उतरले.

"तसं नाही, इहीनबाई. लोणारले जवळ पडते म्हून..."

"जवळ!" रुखमाबाई अगदी पुढे आली आणि तिने आवाज एकदम उतरवला. इतका वेळ टोमणे मारणारी ती बाई आता वेगळीच दिसू लागली. "मास्तर, उद्या माहे दीर, इंद्रभान, धामणगाव बढ्याचे पाव्हणे घेऊन येऊन राह्यले. पोरगी घेऊन बसलेले लोक हायेत. पंजाबची दुसरी सोयरीक जमवतो म्हन्ते थो."

पंजाबराव म्हणजे कोकिळेचा नवरा.

"अन् पंजाबराव काय म्हन्ते?"

"काही नाही म्हनत, हेच तं दुखनं हाय. मी एकटी किती आडवी पडू? माह्या सुनेनं माही सेवा केली, मले ते सवत नाही आनाची तिच्यावर. मी म्हनलं, पोरीचा बाप ओसरीवर बसून असन, तं त्याच्या तोंडावर दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढाची कोनाची टाप हाय? मी तुमची वाट पाहून राह्यली होती. अन् गावात बोंब, का बापच उंबरा टाळून चालला. इंद्रभान काल म्हने, 'पाहा, तिच्या बापालेच तोंड दाखवाची लाज वाटते.'"

निजामने भोंगा वाजवला. "मास्तर, बसता ना?"

मास्तरांनी वर हात केला. "आमची वळकटी खाली दे, निजाम."

घरी आल्यावर कोकिळा आईच्या गळ्यात पडली नाही. दाराला धरून उभी राहिली. मास्तरांनी वाटेत तोड काढून ठेवली होती. ते म्हणाले, "आमी आंगनात तीन दगड मांडतो. शिधा आमचा. पानी मी नदीवरून आनतो."

"बाबा," कोकिळा हळूच म्हणाली, "उद्या ते लोक येतीन, अन् माह्याच आंगनात माह्या मायबापाची येगळी चूल पाह्यतीन. त्याइले मंग इचाराचीही गरज नाही पडनार."

तिने रडून हे म्हटलं असतं, तर मास्तरांना सोसलं असतं. ती साध्या आवाजात बोलली.

त्या संध्याकाळी नवराबायकोने उपास आहे असं सांगून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि पाहुणे आले. पुढे इंद्रभान, पांढरा पटका, हातात काठी. ओसरीवर तक्क्याला टेकलेले मास्तर पाहून त्याची पावलं क्षणभर अडखळली. पण गडी मुरलेला होता. पाहुण्यांना बसवून त्याने हाक मारली, "सूनबाई, पानी आन. पहिले तुह्या बाबाले दे."

कोकिळा आली. पेल्यांचं तबक तिने आधी बाबांपुढे धरलं.

"बाकी मास्तर कसे घेतीन म्हना," इंद्रभान पाहुण्यांकडे बघून हसला. "लेकीचं घर. नेम हाय ना त्याइचा. कूस उजवली पाह्यजे."

आतल्या दाराशी सत्यभामाबाईने रुखमाबाईचा हात पकडला. मास्तरांनी पेला उचलला. ओठांना लावताना थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. उरलेलं त्यांनी पिऊन टाकलं. मग पेला पुढे केला.

"अजून दे, माय. तहान लागली."

धामणगावचे पाहुणे भली माणसं होती. त्यांनी कपाशीची बोंडं, बैलांची शिंगं, घाटाचा रस्ता अशा गोष्टी केल्या, चहा घेतला आणि उठले. लग्नाचा विषय निघालाच नाही. जाताना त्यांच्यातला वडीलधारा मास्तरांच्या पाया पडला. रुखमाबाईने डोळे पुसले आणि चुलीवर पुरण चढवलं.

नाटकाचा पडदा इथे पाडता आला असता. पण इंद्रभान काठी घ्यायला मागे राहिला होता. पायरीवरून तो शांतपणे म्हणाला, "दिवाळी संपन, मास्तर. तुमी घाटाखाली जासान. मंग?"

मास्तरांनी ओसरीच्या कोपऱ्यात बसलेल्या जावयाकडे पाहिलं. पंजाबराव वाईट माणूस नव्हता. तो बायकोला कधी उलट बोलला नव्हता, आणि आता चुलत्यालाही बोलला नाही. पायाच्या अंगठ्याने तो सारवणाचा पोपडा उकरत होता.

"जवाईबापू, तुमी काही बोलसान?"

"मी काय बोलू, मामा? तुमी मोठे लोक हा."

लोणार राहूनच गेलं. सत्यभामाबाई दिवाळीनंतर एकटी वरवटला परतली. घरी म्हैस होती, दारं बंद ठेवून भागणारं नव्हतं. मास्तरांनी रुखमाबाईच्या ओळखीने त्याच गल्लीत एक खोली घेतली. दिवसा आजूबाजूच्या पोरांना शिकवायचे, पण दोन्ही वेळा जेवायला लेकीच्या ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे बसायचे. कोकिळा वाढायची. प्रत्येक घासाबरोबर त्यांना वाटायचं, आपण तिच्या ओटीतलंच काही खातो आहोत. आणि घास टाकून उठायची सोय नव्हती. समोर पंजाबराव खाली मान घालून जेवत असायचा.