गाळलेलं कडवं

शीर शोधताना तो कोपराच्या खळग्यात दोन बोटांनी टकटक करायचा. "मूठ घट्ट. बाहेर बघा. झालं." इतकंच बोलायचा, आणि खरोखरच झालेलं असायचं. रक्त बघून भोवळ येणारेसुद्धा सुई त्याच्याच हातून टोचून घ्यायचा हट्ट धरत.

माझ्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तो सहा वर्षं होता. मूळचा मंडणगडकडचा, तिशी ओलांडलेला, कायम इस्त्रीच्या शर्टात. हा माणूस रॅप करतो हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. मागच्या खोलीत रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये फिरत होत्या आणि त्या घरघरीवर हा पुटपुटत होता:

"नळीवर नंबर, नळीत माणूस,
झाकण लावलंय, काय नको पुसूस."

मी विचारलं, "हे गाणं आहे की भांडण?"

"दोन्ही, मॅडम."

तुम्ही रॅपवाले पाहिले असतील. साखळ्या, गॉगल, आरडाओरडा. हा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, गावच्या बोलीत, हळू आवाजात म्हणायचा. पोरं पुढे झुकून ऐकायची. कुठल्या कंपनीने त्याला घेतलेलं नव्हतं. या मोबाइलवरून त्या मोबाइलवर, असाच तो गावभर पोचला होता.

इथल्याच मांडवीच्या एका क्लबात त्याचा कार्यक्रम ठरला तेव्हा मी बजावलं, "पेशंटचं नाव आलं तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस."

"नाव नाय येणार वो."

नाव नव्हतंच. त्याचं सगळ्यात चांगलं कडवं आमच्याकडे येणाऱ्या एका म्हाताऱ्यांवर होतं. आजार मोठा होता. रिपोर्ट याच्याकडून वाचून घेतला की ते दर वेळी म्हणत, "मुंबयला पोराला कळवू नको हां." माडांना पाणी घालताना ते त्या पोराशी मनातल्या मनात काय बोलतात, हे त्यांनी याला सांगितलं होतं. तेच कडव्यात होतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फ्रीज उघडला आणि काहीच न घेता बंद केला.

कार्यक्रमाच्याच दिवशी सकाळी म्हातारे आले, बरोबर सुट्टीवर आलेला मुलगा. बापाने आम्हाला डोळ्यांनीच गप्प केलं. "ताप आहे, बघूया," हा मुलाला म्हणाला. मुलाने दारावरची कार्यक्रमाची जाहिरात वाचली. ती मीच चिकटवली होती.

"हे तुम्हीच? मग येतोच संध्याकाळी."

सहा वाजता क्लबात कॅरमबोर्ड भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत मुंबईचे एक गृहस्थ होते. तिथल्या मोठ्या कार्यक्रमासाठी ते इथून एकाला निवडणार होते. तिसऱ्या रांगेत तो मुलगा.

तीन गाणी रंगली. मग ते कडवं आलं. याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि थांबला. ताल चालूच होता. कडवं संपायला लागला असता तेवढा वेळ तो माइकवर दोन बोटांनी नुसते ठोके देत राहिला.

"विसरला," मागून कोणीतरी म्हणालं. "सुई टोच स्वतःला, आठवेल."

हशा पिकला. हाही हसला. मुंबईच्या गृहस्थांनी दुसऱ्याला निवडलं.

"नाव तर नव्हतं त्यात," मी नंतर म्हटलं.

"बापाचं बोलणं पोराला नावाशिवाय कळतं, मॅडम."

आता तो मुंबईत एका हॉस्पिटलात नोकरीला आहे. ते कडवं त्याने कुठेही रेकॉर्ड केलेलं नाही. त्यानंतर फक्त एकदाच म्हटलं, तेही माझ्याकडे असताना. म्हातारे गेल्यावर मुलगा जुने रिपोर्ट न्यायला आला होता. पहिल्या रिपोर्टवरची तारीख वाचून त्याने मान वर केली.

"तुम्हाला सगळं माहीत होतं."

"व्हय."

"मला ताप म्हणालात."

"त्यांनी तसंच सांगायला लावलेलं."

मुलाने रिपोर्ट पाकिटात परत घातला. मग म्हणाला, "बाबा अजून काय म्हणायचे?"

याने हातमोजे काढले, त्याला मागच्या खोलीत नेलं, चालू मशीन बंद केलं आणि दार लोटून घेतलं.

बाहेर सहा जण उपाशीपोटी बसले होते. मी त्यांना सांगितलं, मशीन बिघडलंय, थोडा वेळ लागेल.