रूथबाईंचं मागचं-पुढचं

कोणी बायबलातलं एखादं वचन तोंडावर फेकलं, की रूथबाई चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "बरं. अन् त्याच्या मांगं काय हाय?" समोरचा गडबडला की दुसरा प्रश्न तयार असे, "मंग पुढं तरी काय हाय?" तेही येत नसेल तर हसून म्हणत, "चहा पी. वाचून ये, मंग भांडू."

घाटंजीच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत गुरुवारची घरसभा त्या चालवत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून वर्गातला. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी कुठेही मान वर करून सांगते. वाचायला मी शाळा-कॉलेजात शिकले. वाचलेल्याशी झुंजायला रूथबाईंमुळे.

सभेत गोल बसून एकेकाने एकेक वचन वाचायची रीत होती. त्यातून एक समजूत रुजली होती, की ज्याच्या वाट्याला जे वचन येईल ते देवानं त्यालाच दिलं. आशीर्वादाचं आलं की माणूस आठवडाभर खुशीत. एका गुरुवारी लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातलं ते वचन माझ्या धाकट्या भावाच्या, सुधाकरच्या वाट्याला आलं. आईबापाचा द्वेष केल्याशिवाय येशूचा शिष्य होता येत नाही, असं सांगणारं.

आम्ही भावंडं वडिलांमागे चर्चमध्ये जायचो. आई मात्र पहिल्यापासून आपल्या देव्हाऱ्यापाशी; ते वारल्यावरही ती तिथंच राहिली. घरात त्यावरून कधी भांडण नव्हतं. त्या गुरुवारनंतर मात्र सुधाकरनं तिच्या हातचं जेवण सोडलं, बोलणं सोडलं, आणि आर्णीला मित्राकडे राहायचं ठरवलं. आई मला विचारायची, "काय केलं वं म्या? काहून बोलत नाही तो?" त्याची पेटी भरलेली पाहिली आणि मी सरळ रूथबाईंना घेऊन आले.

बाई आल्या त्या पेटीवरच बसल्या.

"बाई, तुम्ही वचन हलकं करू नका," सुधाकर आधीच तापलेला. "द्वेष म्हटलं म्हणजे द्वेष."

"हलकं कायले करू? पूर्ण पाळ ना बाप्पा. वाच, कोणाकोणाचा करायचा हाय."

त्यानं वाचलं. बाप, आई, बायको, लेकरं, भाऊ, बहिणी. आणि शेवटी स्वतःचा जीवही.

"मंग जिवाचा केला काय द्वेष? सकाळी हॉटेलात दोन प्लेटा पोहे हाणले म्हणते तुही बहीण. आपला जीव ठेवला जपून, अन् मायचा तेवढा द्वेष उचलला?"

मला हसू फुटलं. सुधाकर लाल झाला. "मंग अर्थ काय हाय त्याचा?"

बाईंनी मत्तयमधली तीच शिकवण काढली. तिथं आईबापावर येशूपेक्षा जास्त प्रीती करू नका, असं आहे. मग योहान उघडला. वधस्तंभावर जीव जात असताना येशूनं आपली आई एका शिष्याच्या हवाली केली, आणि त्यानं तिला आपल्या घरी नेलं.

"ज्यानं हे सांगितलं, त्यानं आपल्या मायचं काय केलं, ते बी पाह्य," बाई म्हणाल्या. "वचन कठीण हाय. मले बी जड जाते. देवापेक्षा कोणीच मोठं नाही, आपला जीव बी नाही, हे त्यात हायच. ते कठीणच राहू दे. पण तो दगड मायच्या डोक्यात घालू नको."

सुधाकरनं पेटीच्या कडीला हात घातला. आई दारात उभी.

"आता उठा, पेटी घेऊ द्या," तो हळूच म्हणाला.

"नाही उठत. आधी जेव."

आईनं वरण-भात वाढला. तो खाली मान घालून जेवला. मगच बाई उठल्या. पेटी पुन्हा खाटेखाली गेली.

पुढच्याच गुरुवारपासून एकेक वचन वाटणं बंद झालं. एकानं एक सबंध भाग वाचायचा. "सभा लांबते," म्हणून जुनी मंडळी कुरकुरली. "लांबू द्या," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

गेल्या हिवाळ्यात रूथबाई गेल्या. दफनाच्या दिवशी आई पहिल्यांदा चर्चच्या फाटकातून आत आली. सुधाकरनं तिचा हात धरला होता.

आता सभा मी चालवते. परवा ती आमच्याच घरी होती. वाचता वाचता सुधाकर अडला, पुढचं वचन अवघड होतं. "एवढं पुरे आज," म्हणत तो पुस्तक मिटायला लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला,

"अन् पुढं काय हाय रे?"

सुधाकरनं पुस्तक पुन्हा उघडलं.