न हसणारं साडू

आमच्या साडूंएवढं निरखून बघणारं माणूस आख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडायचं न्हाय, फकस्त ते माणसाला बघत्यात जनावरासारखं. जल्म गेला जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून. रामराम करायच्या आधी समोरच्याचा जबडा चाचपून नाडी धरत्यात, कारण गाईची तितं लागती. एका लग्नात सगळी नवरदेवाचा फेटा बघत व्हती, हे माझ्या कानात म्हणालं, "डावा पाय जपून टाकतोय, पाव्हणं. नख मुरलंय." जोडा काढला तर खरंच मुरल्यालं!

एकच वाईट, माझ्या जोकला कधी हसत न्हाईत. मला शाळेनं चौथीतच हात जोडलं, तवापासनं हसवणं ह्योच माझा धंदा. बाकी पाव्हणं लोळत्यात आन् साडू आपलं माझ्या बरगड्या बघत बसत्यात.

गेल्या साली मला सर्दी झाली. सर्दी घामानं उतरती, ह्ये आमच्या सणसर गावचं शास्त्र. मी नाक गळत असताना उसाच्या मोळ्या डोक्यावर घिऊन ट्रॉलीत चढवल्या. सर्दी गेली, छाती भरून यायला लागली. पित्त म्हणून सोडा प्यालो. मग एका जावळाच्या जेवणात माझा ठेवणीतला सासू-म्हशीचा जोक सांगितला. सगळी हसली. साडू ताट सारून उठलं.

"ह्यो जोक तुमी एका दमात सांगता. आज चारदा थांबला."

"इफेक्ट वो!"

त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, भरंना. जबड्याखाली नाडी धरली. "सर्दी कवा झालती?"

"पंधरा दिस झालं. तिचा काय संबंध?"

"खुरकुताच्या रोगातनं उठल्यालं वासरू बरं झालं म्हणून उड्या मारतं आन् पटदिशी पडतं. काळजाला सूज असती. बसा गाडीवर."

बारामतीच्या डॉक्टरांनी छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, काळजाची सोनोग्राफी केली. म्हणालं, "सर्दीच्या विषाणूनं हृदयाच्या स्नायूला सूज आलीय. आणखी मोळ्या उचलल्या असत्या तर अवघड होतं. ओळखलं कुणी?"

"जनावरांच्या ड्रेसरनं," मी म्हणलं. डॉक्टर खो खो हसलं. जल्मात पहिल्यांदा खरं बोललो, त्यालाबी हसलं.

सहा म्हैनं जड काम बंद. साडू दर आयतवारी येत्यात, तोच जोक सांगाय लावत्यात आन् माझा दम मोजत्यात. आता मला तो एका दमात जमतो. पण मी मुद्दाम मधी थांबतो. बरा झालो म्हणलं तर त्यांचं येणं बंद व्हईल. रिटायर झाल्यापासनं त्यांनला तरी कोण जनावर दावतंय? माझं सोंग त्यांनला कळत न्हाय, असं व्हयाचं न्हाय. तरी चष्मा पुसत म्हणत्यात, "दम अजून तोकडा हाय, पाव्हणं. पुढल्या आयतवारी बघू."