विजूचं मानपत्र

चालू थेटरपेक्षा बंद पडलेल्या थेटरचे किस्से जास्त निघतात. चालू असताना माणसं पिक्चरबद्दल बोलतात, बंद पडलं की एकमेकांबद्दल. मानवतच्या आमच्या थेटरला कुलूप लागून दहा वर्षं झाली. तेव्हापासून रशीदभाईंच्या सायकल दुकानात बसून आम्ही तेच करतोय. मी तिकीट खिडकीवर होतो, रशीदभाई ऑपरेटर आणि नामदेव डोअरकीपर. मला रोजचं लिहून ठेवायची सवय. कोणता शो, पब्लिक किती, लाईट कधी गेली, कोणाचं भांडण झालं. एकोणीस वह्या भरल्या. नामदेव म्हणायचा, "बुकिंगसाहेब, यमाकडं बी तुमची वही लागंल!"

तो आमच्या आधीच यमाकडे गेला. वही माझ्याकडेच राहिली.

*

हे सगळं पुन्हा निघालं ते मानपत्रामुळे. गावात कोणाचा सत्कार असला की मानपत्र माझ्या हातचं असतं. अक्षर बरं आहे, एवढंच. मागच्या महिन्यात सत्कार समितीचे अध्यक्ष आले.

"विजूचं लिहायचंय. पुण्यात कंपनी काढली, गावातली चाळीस पोरं कामाला लावली. 'मानवतचं भूषण' असं टाका."

"आणि त्याच्या आधीचं?" मी विचारलं.

"आधीचं कोण विचारायलंय हो!"

आधीचं असं, की विजूनं नवे पिक्चर चोरून फुकट दाखवणारी वेबसाईट काढली होती. शुक्रवारी लागलेला पिक्चर शनिवारी सकाळी घरोघर मोबाईलवर! कोणी म्हणतं, आमचं थेटर तसंही बसणारच होतं. आम्ही तिघं तसं कधीच म्हणालो नाही.

रशीदभाईंना मानपत्राचं सांगितलं. ते पंक्चर काढत होते. मान वर न करता म्हणाले, "लिव. पण मग ह्या दुकानात चहा प्यायला येऊ नको."

तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी असं बोलला नव्हता. मी घरी कागद आणून ठेवला, त्यावर चारी बाजूंनी रेघा मारल्या, आणि आत काही लिहिलं नाही.

*

नामदेवला एक गोष्ट अजिबात खपत नसे. पुढच्या खुर्चीवर ठेवलेले पाय! अंधारात बॅटरी मारत यायचा आणि ओरडायचा, "ए, पाय खाली घे! खुर्ची काय तुझ्या बापाची हाय?"

एकदा बॅटरीच्या उजेडात चकचकीत बूट दिसले, बुटांवर खाकी पँट. गावात नवे आलेले फौजदार! नामदेवनं बॅटरी खाली केली. मग अदबीनं म्हणाला, "साहेब, पाय खाली घ्या. खुर्ची काय तुमच्या वडिलांची हाय?"

साहेबांनी घेतले!

*

पुढं सॅटेलाईट आलं, रिळांची पेटी यायची वाट बघायचं संपलं. मोठ्या शहरांबरोबर आमच्याकडेही पहिल्याच शुक्रवारी पिक्चर लागायला लागला. अशाच एका रविवारी पालमहून नामदेवच्या मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, तुमचा आवाज आला की पिक्चरमदी!"

मेव्हणा मोबाईलवर फुकटचा पिक्चर बघत होता. हिरोईन रडते आहे आणि मध्येच कोणीतरी ओरडतं, "ए, पाय खाली घे!"

नामदेवनं पेढे वाटले. बसस्टँडपर्यंत जाऊन सांगून आला, "मी पिक्चरमदी हाय. हिरोईन रडायलीय आन् मी बोलायलोय!"

रशीदभाईंनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. म्हणाले, "नामदेव, अरे हा पिक्चर आपल्याच हॉलमधून गेलाय. तुझ्यासमोर बसून कोणीतरी उचललाय."

नामदेवनं पेढ्यांचा पुडा बंद केला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी मी चोराला धरलं न्हाई, नुसतं नीट बस म्हणलो?"

*

शेवटच्या शोला दहा जण होते. त्यात तिघं आम्ही.

दुसऱ्या दिवसापासून मी किराणा दुकानात हिशेब लिहायला बसू लागलो, रशीदभाईंनी सायकली घेतल्या. नामदेवनं काहीच घेतलं नाही. तीनला, सहाला, नवाला तो थेटरच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. फाटकाला कुलूप, आत गवत. कोणी विचारलं, "नामदेवराव, काय करायलाव?" तर म्हणायचा, "शो सुटायची वाट बघायलोय."

पुढच्या वर्षी पोलिसांनी विजूला पकडलं. पेपरात फोटो आला. रशीदभाई म्हणाले, "हा तर शेवटच्या रांगेतला. एकटाच यायचा." नामदेवनं फोटो पाहिला, पेपरची घडी घातली आणि सहा वाजले म्हणून फाटकाकडे निघाला.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. वेळ लिहून ठेवली आहे. सव्वासहा. शो सुरू झाल्यावर.

*

विजूच्या बाजूनं बोलणारंही कोणी आमच्यात निघेल असं वाटलं नव्हतं. निघालं ते रशीदभाईंच्या घरातूनच.

त्यांची मुलगी चुडाव्याला दिलेली. थेटर बंद झालं त्याच वर्षी ती माहेरी आली होती. दुकानात उभी राहून एका नव्या पिक्चरची गोष्ट रंगवून सांगू लागली.

रशीदभाईंनी विचारलं, "कुठं बघितला?"

"मोबाईलवर."

"चोरीचा?"

ती हसायची थांबली. "अब्बा, माझं लग्न होईपर्यंत अठरा वर्षं मी ऑपरेटरची पोरगी होते. मला थेटरात एकदा तरी नेलं का तुम्ही?"

रशीदभाई पंप मारत राहिले. टायर मघाशीच भरलं होतं.

*

मानपत्राला चार दिवस उरले असताना नामदेवची बायको गयाबाई माझ्या घरी आली. दारातच म्हणाली, "भाऊ, यांचा आवाज कुठंच न्हाई. फोटो हाय, आवाज न्हाई. फोन बी साधाच होता. त्या पिक्चरमदी हाय म्हणायचे. तुमच्या वहीत लिवलं असंल, कोणचा पिक्चर ते."

होतं. सोळावी वही. 'शुक्रवार, सहाचा शो. नामदेव शेवटच्या रांगेत ओरडला. पाय. पोरगं एकटंच, गुडघे वर.' खाली पिक्चरचं नाव.

पण विजू पकडला गेला तेव्हाच ती वेबसाईट बंद झालेली. तो चोरीचा पिक्चर आता असेल तर एकाच माणसाकडे. विजू सत्कारासाठी गावात आलाच होता. गेलो.

त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, तो माझा पहिलाच. ठेवलाय मी." मग नखं बघत म्हणाला, "कॅमेरा हलू नये म्हणून गुडघ्यावर टेकवला होता. म्हणून पाय वर होते." वर बघून, "मी नसतो तर दुसरं कोणी आलं असतं."

"आलास तू," मी म्हणालो.

संध्याकाळी दुकानात सगळं सांगितलं. रशीदभाईंनी हात पुसले. "आता गयाबाई सांगंल तसं. तिचा माणूस फाटकाशी उभा राहून गेला. ती लिव म्हणली तर लिव, चहा मी पाजतो."

*

रविवारी गयाबाईच्या घरी जमलो. सोमवारी सकाळी अध्यक्ष मानपत्र न्यायला येणार होते. कागद अजून कोराच होता; गयाबाई म्हणाली होती, "आधी आवाज ऐकू द्या, मग सांगते."

विजू लॅपटॉप घेऊन आला. गयाबाईनं तो पत्र्याच्या पेटीवर ठेवायला लावला आणि विजूला बाजेवर बसवलं. तो पाय वर घेऊन, अंग चोरून बसला. रशीदभाई उंबऱ्यावर, आमच्याकडे पाठ करून. गयाबाई जमिनीवर, पेटीच्या अगदी जवळ.

पिक्चर धूसर होता. खालच्या बाजूला पब्लिकची डोकी दिसत होती. त्यातली दोन मी ओळखली. गयाबाई चित्राकडे बघतच नव्हती. लॅपटॉपच्या कडेला कान लावून बसली होती.

हिरोईन रडू लागली.

"ए, पाय खाली घे! खुर्ची काय तुझ्या बापाची हाय?"

चित्र एकदम खाली घसरलं. खुर्च्यांच्या पाठी, अंधार, आणि फरशीवरून सरकत गेलेला नामदेवच्या बॅटरीचा पिवळा गोल.

बाजेवरून विजूनं झटकन पाय खाली सोडले.

रशीदभाई वळले होते. पिक्चरमध्ये हिरोईन रडतच होती.

गयाबाईनं विजूच्या पायांकडे पाहिलं.

"घे बाबा, घे वर पाय," ती म्हणाली. "आता कोण बोलायलंय तुला!"